कोडॅक एचआयईच्या जागी रोलाय इन्फ्रारेड ४०० : पावसाळा ते उन्हाळा वापरून झाल्यावर

घाईत असलेल्यांसाठी निकाल आधीच सांगून टाकतो. झाडं पांढरीशुभ्र आणि आभाळ काळंभोर हवं असेल तर रोलाय इन्फ्रारेड ४०० ही काळी-पांढरी फिल्म ते देते, आणि चांगलं देते. कोडॅकच्या एचआयई या बंद पडलेल्या इन्फ्रारेड फिल्मसारखे फोटो हवे असतील तर ते मात्र हिच्याकडून मिळणार नाहीत. गेल्या आषाढापासून मी ही फिल्म वापरतोय, जोडीला इलफर्डची एसएफएक्स २००. कॅमेरा निकॉन एफएम२, लेन्स ५० आणि २४ मिमी, फिल्टर होयाचा आर७२, म्हणजे दिसणारा बहुतेक प्रकाश अडवून इन्फ्रारेड आत सोडणारा. रोल घरीच धुतो.

एचआयई ज्यांच्या हाती कधी आली नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं. आपल्या डोळ्याला साधारण ७०० नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंतचा प्रकाश दिसतो, त्यापुढचा न दिसणारा तो इन्फ्रारेड. एचआयईला ९०० पर्यंतचा दिसायचा. हिरवं पान इन्फ्रारेड फारसं शोषत नाही, बरंचसं परत फेकतं, म्हणून फोटोत झाडं पांढरी येतात. निरभ्र आभाळातून मात्र तो प्रकाश फारसा येत नाही, म्हणून आभाळ काळं. रॉबर्ट वुड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञानं १९१० मध्ये असे फोटो प्रसिद्ध केले, त्याच्यावरून याला वुड इफेक्ट म्हणतात. एवढं कुठलीही इन्फ्रारेड फिल्म कमी-अधिक करतेच. एचआयईची खासियत निराळी होती. नेहमीच्या फिल्ममध्ये आरपार गेलेला उजेड शोषून घेणारा थर असतो, अँटी-हॅलेशनचा. एचआयईला तो नव्हताच. उजेड फिल्ममधून पलीकडे जायचा, कॅमेऱ्याच्या प्रेशर प्लेटवर (फिल्म मागून सपाट दाबून धरणारी पट्टी) आपटून परत यायचा आणि उजळ जागांभोवती एक प्रभा पसरायची. उन्हातल्या पानांच्या कडा, पांढरी साडी, देवळाचा चुना दिलेला कळस, सगळं आतून पेटल्यासारखं दिसायचं. प्रेशर प्लेटवर खळगे असलेल्या कॅमेऱ्यात कधी कधी त्या खळग्यांचा ठसासुद्धा निगेटिव्हवर उमटायचा! रोल चढवायचा आणि काढायचा तो मिट्ट काळोखात, म्हणजे गडावर चेंजिंग बॅगेत घामेजलेले हात घालून चाचपडत. तरी लोक जीव टाकायचे.

कोडॅकनं २००७ मध्ये ती बंद केली. त्यानंतर क्रोएशियातल्या फोटोकेमिकाची एफके आयआर८२० होती. तिचा 'ऑरा' नावाचा प्रकार मुद्दाम अँटी-हॅलेशन थराशिवाय बनवलेला, एचआयईच्या चाहत्यांसाठीच म्हणा ना. २०१२ मध्ये त्या कारखान्याचं उत्पादन थांबलं आणि ती वाटही बंद झाली.

आता रोलाय. नाव रोलायचं, विकणारी जर्मनीची माको, आणि मूळ बेल्जियमच्या ॲग्फा-गेव्हार्टच्या हवाई सर्वेक्षणाच्या फिल्ममध्ये, असं जाणकार मानतात. हिला साधारण ८२० नॅनोमीटरपर्यंत दिसतं. ९०० आणि ८२० यांत फरक तो काय, असं कागदावर वाटतं. हातात कॅमेरा घेतला की कळतो. एचआयईवर साधा लाल २५ नंबरचा फिल्टर पुरायचा. तो लावूनही व्ह्यूफाइंडरमधून दिसायचं आणि मीटरवर फिल्मचा वेग (आयएसओ) ५० ठेवून कॅमेरा हातात धरून फोटो काढता यायचे, चालत्या माणसांचेसुद्धा. रोलायवर लाल फिल्टर लावला तर आभाळ गडद होतं, पण झाडं पांढरी व्हायचं नाव घेत नाहीत. त्यासाठी आर७२च हवा, आणि त्यातून डोळ्याला जवळजवळ काहीच दिसत नाही. म्हणून आधी चौकट ठरवा, फोकस करा, मग फिल्टर चढवा. बॉक्सवर ४०० लिहिलेलं असलं तरी फिल्टर धरून मी १२ समजतो, मीटरिंग फिल्टर न लावता करतो आणि शिवाय एक स्टॉप जास्त (दुप्पट उजेड) आणि एक स्टॉप कमी (निम्मा) असे आणखी दोन फोटो घेतो. ऑक्टोबरच्या भर उन्हात एफ/११ला १/१५ सेकंदाच्या आसपास जातं. म्हणजे ट्रायपॉड आला. पाठीवर ट्रायपॉड घेऊन लोहगडाच्या पायऱ्या चढताना एचआयईची आठवण हमखास येते.

फोकसचं म्हणाल तर जुन्या मॅन्युअल लेन्सवर इन्फ्रारेडसाठी लाल खूण असते, तिकडे थोडं सरकवायचं. एफ/११ला तेवढंही नाही केलं तरी चालून जातं.

आपल्याकडचं हवामान या फिल्मला कसं मानवतं, हा खरा प्रश्न. आषाढात हिरवाई भरपूर, पण ऊन नाही. ढगाळ उजेडात पानं करडी येतात, आभाळ नुसतं पांढरं, आणि मग साधी काळी-पांढरी फिल्म काय वाईट होती असं वाटतं. एप्रिल-मेमध्ये ऊन रग्गड, पण डोंगर बोडके; वाळलेलं गवत इन्फ्रारेडमध्ये काही विशेष करून दाखवत नाही. जमून येतं ते भाद्रपदाच्या उत्तरार्धापासून दिवाळीपर्यंत. पावसानं हवा धुतलेली, करवी आणि रान अजून हिरवं, आणि ऊन चटका देणारं. लोहगडाच्या विंचूकाट्यावरून काढलेला एक फोटो माझ्या सगळ्या रोल्समध्ये उजवा आहे. पवना धरणाचं पाणी डांबरासारखं काळं, त्यामागे तुंग किल्ला इतका रेखीव की डोळ्यांनी तेव्हा दिसला त्याहून स्पष्ट, आणि बेसॉल्टच्या काळ्या पट्ट्यांमधलं प्रत्येक झुडूप पांढरं. पातळ धुरकटपणा इन्फ्रारेड कापतं ते असं. धुकं मात्र कापत नाही, त्या भरवशावर पावसाळ्यात राजमाचीला जाऊ नका.

माणसांचे फोटो काढायचे तर आधी कल्पना द्या. कातडी मेणासारखी गुळगुळीत येते, डोळे काळे डोह, आणि काळा टी-शर्ट घातलेला दोस्त फोटोत फिकट करड्या शर्टात उभा असतो. बरेचसे काळे रंग इन्फ्रारेड शोषतच नाहीत. कपडे कोणते खरे काळे, याचा छंद लागतो.

पण ती प्रभा? नाही. रोलायला अँटी-हॅलेशन आहे, त्यामुळे कडा स्वच्छ येतात. फार उजेड दिला तर किंचित पसरतो, तेवढंच. लेन्सपुढे सॉफ्ट फिल्टर लावूनही पाहिलं, पण त्यानं सगळाच फोटो मऊ होतो. एचआयई उजळ भागच तेवढे मऊ करायची आणि सावल्या खणखणीत ठेवायची. पहिले दोन-तीन महिने मी प्रत्येक निगेटिव्ह जुन्या एचआयईच्या शेजारी ठेवून बघत होतो. ते सोडल्यावर या फिल्मचे गुण दिसायला लागले. हिचे कण बारीक आहेत. एचआयईचे कण वाळूगत होते, मोठ्या प्रिंटमध्ये आभाळ चरचरीत दिसायचं. रोलायवरून १२ बाय १६ इंचाचा प्रिंट निवांत निघतो.

फिल्मचा बेस पॉलिएस्टरचा, पारदर्शक. म्हणून रोलच्या तोंडातून उजेड आत झिरपतो. सावलीत, शक्यतो घरातच चढवा आणि काळी डबी फेकून देऊ नका. एका विक्रेत्यानं मला डबीशिवाय, नुसत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत रोल पाठवला होता. सुरुवातीच्या फ्रेम्स कडेनं धुरकटलेल्या निघाल्या. हा बेस हातानं फाटतही नाही, रीलवर चढवताना कात्री जवळ हवी. धुण्यासाठी मी डी-७६ हा डेव्हलपर घरीच बनवतो. लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. केमिकलच्या दुकानात सगळं मिळतं. पुण्यात एप्रिलला नळाचं पाणी २० अंश कुठलं असायला. भांडं बर्फात ठेवायचं नाहीतर २४ अंशांचा वेळ धरायचा.

एसएफएक्स २०० थोडक्यात: तिची धाव ७४० पर्यंतच. आर७२ साधारण ७२० च्या पुढचंच सोडतो; तो लावला तर दोघांत मिळून जेमतेम २० नॅनोमीटरची फट उरते, एक्स्पोजर भलतंच लांबतं आणि परिणाम निम्मा. लाल २५ लावून, हातात धरून, नाट्यमय आभाळासाठी वापरा. त्या कामाला झकास आहे.

या फिल्म बंद का पडतात, यावर हळहळणारे खूप, पण हिशेब साधा आहे. फिल्म रोलगणिक बनत नाही. मोठ्या यंत्रावर रुंद पट्टा एकदम लेपून काढावा लागतो आणि मग कापावा लागतो. इन्फ्रारेडच्या रंजकांमुळे तो माल साध्या फिल्मइतका टिकत नाही, म्हणून दहा वर्षांचा एकदम काढून ठेवता येत नाही. आपल्यासारखे हौशी हे कधीच मुख्य गिऱ्हाईक नव्हते. ही फिल्म जगली ती वनखातं, लष्कर, हवाई पाहणी आणि प्रयोगशाळांच्या जिवावर. ते डिजिटलकडे गेले आणि आपण उरलो. कोडॅकची रंगीत इन्फ्रारेड एअरोक्रोम, जिच्यात झाडं लाल-गुलाबी यायची, तीही याच वाटेनं गेली. ऊटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचंही काही फार वेगळं झालं नाही. १९६० साली स्थापन झालेला सरकारी कारखाना, 'इंदू' फिल्म आणि एक्स-रे फिल्म बनवणारा, आणि गिऱ्हाईक आटल्यावर टाळं. माझ्या मते रोलायही अशाच दुसऱ्या कुणाच्या गरजेवर उभी आहे, म्हणून ती कायम मिळेल असं गृहीत धरू नका.

घ्यावी का? ट्रायपॉडचा कंटाळा नसेल आणि रोल स्वतः धुणार असाल तर जरूर. नुसते पांढऱ्या झाडांचे फोटो हवे असतील तर जुना डिजिटल कॅमेरा इन्फ्रारेडसाठी बदलून घेणं स्वस्त पडेल. काही ऑटोफोकस फिल्म कॅमेरे फिल्मची भोकं मोजायला आत इन्फ्रारेड दिवा वापरतात आणि त्यानं फ्रेमची कड जळते. आपल्या मॉडेलचं आधी तपासा. एका मोसमापुरतेच रोल घ्या आणि फ्रिजमध्ये ठेवा. लिलावात एचआयईचे जुने रोल अजून येतात, तेही चढ्या भावानं. ते निदान २००७ च्या आसपासचे असणार, आणि इतक्या वर्षांत फिल्म उजेड न लागताही धुरकटते. त्या एकाच्या पैशात रोलायचे तीन-चार येतात.