दीड किलो गॅसचे बिल

गेल्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस, नवतपाचे कडक उन्हाचे नऊ दिवस सुरू असताना, आमच्या नागपूरच्या घरातील दीड टनाचा इन्व्हर्टर एसी खोली थंड करेनासा झाला. इतर खोल्यांचे काम कूलरवर भागते. हा एसी ८२ वर्षांच्या आईसाठी घेतलेला होता, आणि त्यामुळेच त्या दिवशी मी विचार करण्यापेक्षा घाई अधिक केली. यंत्रातून वारा कमी येत होता, रात्री पाणी ठिबकत होते आणि एकदा तर जाळीआड बर्फ साचलेला दिसला. बर्फ दिसला म्हणजे गॅस संपला, असे कुठेतरी ऐकले होते आणि तेच मी धरून चालले.

वॉरंटी कार्ड कपाटात होते. ते काढण्याऐवजी मी कंपनीचे नाव आणि ‘कस्टमर केअर’ हे शब्द मोबाइलवर टाकले आणि सर्वांत वर आलेल्या क्रमांकावर फोन लावला. पलीकडच्या माणसाने कंपनीचेच नाव घेऊन नमस्कार केला. तक्रार क्रमांक मात्र दिला नाही, आणि मीही मागितला नाही. पुढे खऱ्या कंपनीकडे चौकशी केली तेव्हा माझ्या नावावर कोणतीही तक्रार नोंदलेलीच नव्हती, असे समजले.

तासाभरात एक मेकॅनिक गॅसचे सिलिंडर घेऊन आला. त्याने इनडोअरचे फिल्टर काढून नळाखाली धुतले, गच्चीवरच्या आउटडोअरला गॅसचा दाब दाखवणारे गेज जोडले आणि मला खाली जाऊन तापमान १६ वर करून येण्यास सांगितले. मी परत वर गेले तेव्हा काटा ६० च्या खाली होता. “काकू, हा १४० च्या आसपास पाहिजे. गॅस पूर्ण उडून गेला ना. आतल्या कॉइलच्या जॉइंटला लीकेज आहे,” असे त्याने सांगितले. मग तो खाली आला, इनडोअरच्या मागे हात घालून काही वेळ खुडबुड केली, पुन्हा वर जाऊन सिलिंडरची नळी जोडली, आणि दहा-पंधरा मिनिटांत काटा खरोखरच १४० वर गेला. खोलीही गार झाली. डोळ्यांसमोर काटा चढताना पाहिल्यावर शंका घेण्यासारखे काही उरले नव्हते.

बिल असे होते: भेटीचे ३५० रुपये, लीकेज काढण्याचे १,२०० रुपये आणि दीड किलो गॅसचे, ३ रुपये ग्रॅमप्रमाणे, ४,५०० रुपये. एकूण ६,०५० रुपये. पैसे यूपीआयने गेले, तेही कंपनीच्या नव्हे तर एका व्यक्तीच्या खात्यात. बिलावर पत्ता नव्हता, जीएसटी क्रमांक नव्हता. माझी सारी नोकरी एका पतसंस्थेत व्हाउचर तपासण्यात गेली, हे इथे सांगायला मला संकोच वाटतो. पण बेरीज बरोबर आहे एवढेच मी पाहिले.

तीन आठवड्यांनी पुन्हा तेच पाणी आणि तोच बर्फ. जुना क्रमांक बंद होता. या वेळी आमच्याच वस्तीतील, शेजाऱ्यांच्या ओळखीच्या मेकॅनिकला बोलावले. त्याने गेजला हातच लावला नाही. आधी इनडोअर उघडून ब्लोअर, म्हणजे आतला पंखा, दाखवला: त्याच्या पात्यांवर धूळ आणि कापसासारख्या तंतूंचा थर बसला होता. कॉइलवरून, म्हणजे आतल्या थंड नळ्यांवरून, पुरेशी हवा फिरली नाही की कॉइल गोठते, आणि गॅस पूर्ण असतानाही बर्फ धरतो, असे त्याने समजावले. पहिल्या माणसाने फिल्टर धुतल्यामुळे काही दिवस फरक पडला, इतकेच. जेट पंपाने ब्लोअर आणि कॉइल धुतल्यावर त्याने गेज जोडले. काटा १४० च्या जवळ स्थिर होता आणि यंत्र घेत असलेला विद्युतप्रवाहही पाटीवरील आकड्याशी जुळत होता.

मग मी त्याला बिल दाखवले. तो काही न बोलता मला आउटडोअरच्या बाजूला लावलेल्या पाटीकडे घेऊन गेला. तिच्यावर गॅसचा प्रकार आर-३२ आणि प्रमाण ०.७६ किलो असे छापलेले होते. ज्या यंत्रात पाऊण किलो गॅस मावतो, त्यात दीड किलो भरल्याचे बिल मी चुकते केले होते! एवढा गॅस खरोखर गेला असता तर कॉम्प्रेसरवर कमालीचा भार आला असता आणि प्रवाहाचा आकडा पाटीशी जुळला नसता, असे त्याचे म्हणणे. इनडोअरमागच्या सांध्यावरची मूळ टेपही जशीच्या तशी होती. ती सोडल्याशिवाय तिथले लीकेज काढता येत नाही.

“पण काटा तर मी पाहिला होता,” असे मी म्हणाले. त्यावर त्याने आउटडोअरच्या बारीक नळीवरील व्हॉल्व्हचे पितळी टोपण काढले, चालू यंत्रात ॲलन कीने तो व्हॉल्व्ह जवळजवळ बंद केला, आणि गेजचा काटा माझ्यासमोर घसरत ६० च्या खाली आला. व्हॉल्व्ह पुन्हा उघडताच तो हळूहळू वर चढला. सिलिंडरमधून एक ग्रॅमही गेला नव्हता. मला तापमान बदलायला खाली का पाठवले होते, ते तेव्हा उमगले.

त्याने धुण्याचे ७०० रुपये घेतले. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली, पण विरुद्ध पक्षाचा पत्ता विचारल्यावर सांगण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते. पैसे परत मिळालेले नाहीत.

यंदा अमरावतीला बहिणीच्या एसीतील गॅस खरोखरच गेला. एसीतला गॅस बंद नळ्यांतून फिरत असतो, तो वापराने संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती असते, आणि ती न शोधता नुसता भरलेला गॅस पुन्हा निघून जातो. म्हणून फोनवरच मी प्रत्येक मेकॅनिकला विचारले, की वजनकाटा आणि नळ्यांतली हवा काढून घेणारा व्हॅक्यूम पंप आणणार का. एकाने “काट्याची गरज नसते” म्हणून सांगितले, दुसऱ्याने फोन ठेवला, तिसरा दोन्ही वस्तू घेऊन आला. त्याने आधी नायट्रोजन भरून सांध्यांना साबणाचा फेस लावला. आउटडोअरच्या एका नटापाशी, जिथे तेलाचा डाग होता, तिथे बुडबुडे आले. तिथल्या नळीचे तोंड नव्याने करून त्याने पुन्हा तपासले, अर्धा तास व्हॅक्यूम धरला आणि मग सिलिंडर काट्यावर ठेवला. बहिणीच्या यंत्राच्या पाटीवर ८०० ग्रॅम लिहिले होते. मी चष्मा लावून काट्याशेजारी बसले आणि सिलिंडरचे वजन तेवढ्याने उतरेपर्यंत उठले नाही.