डेट पिकर: ब्राउझरचा की फ्लॅटपिकर?

समजा, नाशिकच्या द्राक्षमळ्याच्या भेटीसाठी बुकिंग फॉर्म करायचाय आणि मळा सोमवारी बंद असतो. ब्राउझरच्या डेट इनपुटला, म्हणजे तारीख निवडायच्या तयार चौकटीला, वेगळी लायब्ररी (तयार कोड) लागत नाही, मोबाइलवर ओळखीचं कॅलेंडर उघडतं, ‘मिन’मध्ये आजची तारीख दिली की मागच्या तारखा बंद. घोडं अडतं ते सोमवारपाशी! ठरावीक वार बंद करायची सोयच नाही. शिवाय अमेरिकन सेटिंगच्या संगणकावर महिना आधी दिसतो.

फ्लॅटपिकर ही डेट पिकरची जावास्क्रिप्ट लायब्ररी. तिच्या ‘डिसेबल’मध्ये छोटं फंक्शन द्या: वार १ (म्हणजे सोमवार) असेल तर ट्रू. ‘ऑल्टइनपुट’ आणि ‘ऑल्टफॉरमॅट’ने पाहुण्याला ०५/०२/२०२७ दिसतं, सर्व्हरला २०२७-०२-०५ जातं.

खरा घोळ पुढे होतो. फ्लॅटपिकर स्थानिक मध्यरात्रीचा डेट ऑब्जेक्ट देतो. त्यावर ‘टूआयएसओस्ट्रिंग’ चालवलं की वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) बदलते, म्हणून साडेपाच तास वजा होतात, ४ तारखेचे १८:३० उरतात आणि बुकिंग आदल्या दिवशी पडतं. म्हणून ‘ऑनचेंज’ (तारीख निवडल्यावर चालणारं फंक्शन) याला मिळणारा दुसरा आर्ग्युमेंट, म्हणजे तारखेचा तयार मजकूर, तसाच पाठवा. रिअॅक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीत कंपोनंट (पानाचा तुकडा) काढताना ‘डिस्ट्रॉय’ विसरू नका, नाहीतर जुनी कॅलेंडरं पानात साचतात.

या फॉर्मला फ्लॅटपिकरच हवा. नुसती जन्मतारीख विचारायची असेल, तर ब्राउझरचाच ठेवा.