प्रोस्टेटची सूज: बाटलीतली कॅप्सूल की ताटातली तांबडी भाजी

गोव्यात फोंड्याला माझं औषधांचं दुकान आहे. पन्नाशी ओलांडलेला एखादा पुरुष काउंटरवरची गर्दी ओसरेपर्यंत उगाच टूथपेस्ट न्याहाळत उभा राहिला, की तो काय विचारणार ते मला कळतं. "भाई, लघवीला जळजळतं, खाली सारखं दुखतं. ती प्रोस्टेटची अँटिऑक्सिडंट कॅप्सूल येते ना, ती बरी, की घरचं हळद-आवळा पुरे?" मागे पुढचं गिऱ्हाईक उभं असतं, त्यामुळे तिथे धड उत्तर देता येत नाही. ते इथे देतो.

प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी. आधी तिची सूज कुठली ते बघायला हवं. हुडहुडी भरून ताप, लघवी अडणं, असह्य जळजळ असं असेल तर तो जंतूंचा संसर्ग असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. तिथे कॅप्सूलही नको आणि आवळाही नको, अँटिबायोटिक हवं. पण महिनोन्महिने ओटीपोटात, जांघेत दुखत राहणारे जे पुरुष असतात, त्यांच्यापैकी दहातल्या नऊहून जास्त जणांत जंतू सापडतच नाहीत. कॅप्सूल की ताट हा प्रश्न खरा त्यांचा. सुजलेल्या भागातल्या पांढऱ्या पेशी ऑक्सिजनचे तिखट कण सोडतात, त्यांचा मारा आजूबाजूच्या पेशींनाही लागतो, आणि अँटिऑक्सिडंट तो शमवतं, असा यामागचा हिशेब. कागदावर तो पटतो. माणसांवर मात्र दर वेळी तसाच उतरलेला नाही.

लायकोपीनपासून सुरुवात करू, कारण बहुतेक डब्यांवर टोमॅटोचंच चित्र असतं. लायकोपीन म्हणजे टोमॅटोचा लाल रंग. कच्च्या फोडींमधून ते अंगी कमी लागतं. शिजवलं की पेशींतून सुटतं आणि तेलाबरोबर आतड्यातून शोषलं जातं. म्हणजे खोबरेल तेलाची फोडणी दिलेलं टोमॅटोचं सार हे कोशिंबिरीपेक्षा सरस. पर्ऱ्याच्या कलिंगडात आणि तांबड्या गराच्या पेरूतही ते असतं, आणि कलिंगड तर शिजवायलाही लागत नाही. टोमॅटो भरपूर खाणाऱ्यांना प्रोस्टेटचा कर्करोग कमी होतो असं अमेरिकेतल्या काही पाहण्यांत दिसलं, त्यावर कॅप्सूलवाल्यांनी इमले बांधले. पण त्या पाहण्या जेवणाच्या होत्या, कॅप्सूलच्या नव्हेत, आणि कर्करोगाच्या होत्या, सुजेच्या नव्हेत. इथे मी डोळे झाकून ताटाच्या बाजूने.

ई जीवनसत्त्वाशी मात्र जरा थांबायला हवं. "जीवनसत्त्वच ते, जास्त झालं तर काय बिघडतं?" असं आपण सहज म्हणतो. अमेरिकेत 2001 साली सुरू झालेल्या 'सिलेक्ट' चाचणीत 35,000 हून अधिक पुरुषांना ई जीवनसत्त्व, सेलेनियम हे खनिज, दोन्ही किंवा नुसती खोटी, म्हणजे औषध नसलेली गोळी दिली होती. कर्करोग टळेल ही आशा होती. फायदा दिसेना म्हणून 2008 मध्ये गोळ्या थांबवल्या. 2011 चा हिशेब आला तेव्हा नुसतं ई जीवनसत्त्व, रोज 400 युनिट, घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग 17 टक्क्यांनी जास्त निघाला. सात वर्षांत हजार माणसांमागे 65 च्या जागी 76. दुकानात कोणी 400 ची ई कॅप्सूल "प्रोस्टेटसाठी" मागितली, की मी हा आकडा सांगतो. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर रक्तस्रावाची भीती वेगळीच. शेंगदाण्यातून, बदामातून येणारं ई एवढं कधी होत नाही, ते निर्धास्त खावं.

कॅप्सूलची बाजू जिथे खरंच उजवी आहे तेही सांगायला हवं. क्वेर्सेटिन नावाचं द्रव्य कांद्यात असतं. जंतू न सापडलेल्या जुनाट दुखण्यावर 500 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, महिनाभर, अशी एक चाचणी 1999 मध्ये छापून आली. क्वेर्सेटिन घेणाऱ्यांपैकी 67 टक्क्यांना बऱ्यापैकी आराम पडला, खोट्या गोळीवाल्यांपैकी 20 टक्क्यांना. माणसं जेमतेम तीस, म्हणून फार उड्या मारू नयेत. पण हा डोस कांद्यातून घ्यायचा तर रोज काही किलो कांदा लागेल. डॉक्टरांना विचारून महिनाभर करून बघण्याजोगं यादीत काही असेल तर हे.

हळदीची कॅप्सूल? हुमणातली, म्हणजे माशाच्या कढीतली हळद पुरे. दाट अर्काच्या गोळ्यांनी काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. सॉ पामेटो या ताडवर्गीय झाडाच्या फळांचा अर्क वाढलेल्या प्रोस्टेटवर दोन मोठ्या चाचण्यांत, 2006 आणि 2011 मध्ये, खोट्या गोळीपेक्षा सरस ठरला नाही. सोलकढी मला जिवापाड आवडते, पण ती औषध म्हणून मी कोणाला विकणार नाही. तांबडी भाजी (लाल माठ), आवळा, आमसूल हे जेवण आहे, त्याच भावनेने घ्यावं.

एक गोष्ट डोळ्यांदेखत घडलेली. एक गृहस्थ डॉक्टरांनी दिलेली सिप्रोफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिकची गोळी आणि स्वतः आणलेली "प्रोस्टेट फॉर्म्युला" कॅप्सूल एकाच घोटात घेत होते. बाटली उलटी करून बारीक अक्षरं वाचली, तर आत झिंक. झिंक, लोह, कॅल्शियम या औषधाला आतड्यातच धरून बसतात, रक्तात पोचू देत नाहीत. औषध कॅप्सूलच्या निदान दोन तास आधी किंवा सहा तासांनी घ्यायला हवं होतं. आठवडाभर "गुण येत नाही" म्हणून ते डॉक्टरांना दोष देत होते.

पीएसए या प्रोस्टेटच्या रक्ततपासणीचा आकडा वाढलेला आला म्हणूनही कित्येक जण घाबरून बाटली उचलतात. नुसत्या सुजेनेही तो वाढतो. उपचारानंतर तो पुन्हा तपासायचा असतो, आणि त्या वेळी आपण काय काय घेतो ते सगळं डॉक्टरांना सांगायचं, दुकानातून गुपचूप नेलेलंसुद्धा.

आणि मार्च-एप्रिलमधला, बोंडू म्हणजे काजूच्या फळाचा आणि त्याच्या उराक या दारूचा तो नेहमीचा प्रश्न. "भाई, बोंडूत सी जीवनसत्त्व असतं ना, मग उराक चालेल?" बोंडूत ते संत्र्याहून कितीतरी जास्त असतं, खरं आहे. पण भट्टीत वाफ होऊन वर चढते ती दारू, जीवनसत्त्व खाली भांड्यातच राहतं. दारू आणि तिखट मिरची या दोन्हींनी ज्यांचं दुखणं उसळतं त्यांनी बोंडू मीठ लावून खावा, उराक शेजाऱ्याला द्यावी.