ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) कुठे लावायची? नाशिकमधला आमचा दीड वर्षाचा अनुभव

माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे, ऑटिझम आहे, आणि गेलं दीड वर्ष आम्ही नाशिकमधल्या एका छोट्या ओटी सेंटरला जातोय. ओटी म्हणजे मुलाला रोजची कामं स्वतः करता यावीत म्हणून दिली जाणारी थेरपी. त्याआधी दुसऱ्या एका ठिकाणी सात महिने घालवले ते आधी सांगते. तिथे बॉल पूल, रंगीत दिवे, सगळं चकाचक, पण दार बंद. ४५ मिनिटांनी मूल बाहेर आणि "आज छान होता" एवढंच, काय केलं, का केलं, घरी काय करायचं, एक अक्षर नाही. सात महिन्यांनंतरही कुकरची शिट्टी झाली की पिल्लू कॉटखालीच.

आताच्या सेंटरला थेरपिस्ट मॅडमनी पहिल्याच दिवशी मला आत बसवलं. त्याला काही करायला लावलं नाही, जमिनीवर बसून नुसतं बघत होत्या, आणि मलाच प्रश्न, केस कापताना काय करतो, कपड्यांचं लेबल टोचतं का, काय चावून खातो, टाचा टेकवतो का. मग गोधडी अंथरली, त्याला पोळीच्या रोलसारखा गुंडाळला आणि वरून मोठा बॉल हळूहळू दाबत नेला. एरवी कुणी हात लावला तरी अंग काढून घेणारा माझा मुलगा, गोधडीतून तोंड बाहेर काढून म्हणाला "अजून". मला रडूच आलं.

मग त्यांनी समजावलं की पाच इंद्रियांशिवाय शरीराला आणखी दोन जाणिवा असतात, एक तोल आणि हालचालीची, ती आतल्या कानात, आणि दुसरी स्नायू आणि सांध्यांमधून येणारी, हातपाय कुठे आहेत, किती जोर लावायचा ते सांगणारी. जीन एअर्स नावाच्या अमेरिकन ओटी थेरपिस्टने ही सेन्सरी इंटिग्रेशनची, म्हणजे या सगळ्या जाणिवा मेंदू कशा जुळवून घेतो याची, मांडणी केली, १९७२ मध्ये त्यावर पुस्तकही लिहिलं. पिल्लू गरगर फिरतो, सोफ्यावरून उड्या मारतो ते मस्ती म्हणून नाही, शरीर ते मागत असतं, हे आधीच कळलं असतं तर मी त्याला इतकं रागावले नसते.

प्रत्येक सेशनची शेवटची दहा मिनिटं माझी. वहीत घरचा अभ्यास लिहून देतात आणि सगळा घरातल्याच वस्तूंनी. कणीक मळायची, पाण्याने अर्धी भरलेली बादली ढकलत न्यायची, तांदळाच्या डब्यात लपवलेले मणी शोधायचे. कुकर लावायच्या आधी त्याला सांगायचं, कानावर हात ठेवून तीन शिट्ट्या मोजायच्या. आता तो स्वतःच ओरडतो, "आई, दोन झाल्या!" केस कापायच्या आधी डोक्याला तळव्याने नीट दाब द्यायचा, गेल्या महिन्यात सलूनमध्ये बाबांच्या मांडीवर पूर्ण बसला, रडला पण उठला नाही.

ऑटिझम बरा होईल असं मॅडम कधीच म्हणाल्या नाहीत, शर्टाची बटणं, जेवण, शाळेत वर्गात बसणं असं ठरवून दर तीन महिन्यांनी बघतात. बोलण्यासाठी स्पीच थेरपी वेगळीच लावायला सांगितली.

न आवडलेलं पण लिहिते. दुसरा मजला, लिफ्ट नाही, व्हीलचेअरवालं मूल असेल तर खूप त्रास आहे आणि हे त्यांनी खरंच बघायला हवं. रिपोर्ट मागितला तर पंधरा दिवस लागतात. फी एका सेशनला ७०० रुपये, आठवड्यात दोनदा, म्हणजे महिन्याला साडेपाच हजारांच्या वर, सगळ्यांना झेपणार नाही. ज्यांना झेपत नाही त्यांनी जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीमध्ये (लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणींवर लवकर उपचार करणारं केंद्र) आधी चौकशी करा, तिथे सरकारी आहे, मोफत असतं. दिव्यांग प्रमाणपत्र असेल तर केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय ही आरोग्य विमा योजना पण बघा, वर्षाला १ लाखापर्यंत कव्हर, त्यात थेरपीसाठीही तरतूद आहे.

आणि कुठेही जा, ओटीची डिग्री आणि महाराष्ट्राच्या ओटी-पीटी (ऑक्युपेशनल थेरपी-फिजिओथेरपी) कौन्सिलचं रजिस्ट्रेशन विचारा, चार दिवसांचा कोर्स करून पण लोक बोर्ड लावतात. इथे संध्याकाळच्या स्लॉटला वेटिंग असतं, आम्हाला पाच आठवडे लागले, सकाळी दहाचा मात्र लगेच मिळतो.