एफए कप: रिप्ले की त्याच दिवशी निकाल?

२०२३-२४ पर्यंत इंग्लंडच्या एफए कप या बाद पद्धतीच्या फुटबॉल स्पर्धेत पहिल्या ते चौथ्या फेरीत बरोबरी झाली की सामना पुन्हा (रिप्ले) व्हायचा, पाहुण्या संघाच्या मैदानावर. २०२४-२५ पासून ते बंद झालं. आता ९० मिनिटांनंतर १५-१५ मिनिटांचा जादा वेळ आणि तरीही कोंडी फुटली नाही तर पेनल्टी.

मोठ्या क्लबांची यात सोय झाली, कारण युरोपीय स्पर्धांचे सामने वाढल्याने आठवड्याच्या मधल्या तारखाच उरत नाहीत. खरा फटका छोट्यांना. जानेवारी २०२५ मध्ये पाचव्या स्तरावरच्या टॅमवर्थने घरच्या कृत्रिम गवतावर टॉटनहॅमला ९० मिनिटं ०-० वर रोखलं. जुन्या नियमाने पुढचा सामना टॉटनहॅमच्या सुमारे ६२ हजार आसनांच्या स्टेडियममध्ये झाला असता आणि तिकीटविक्रीतला वाटा टॅमवर्थलाही मिळाला असता. प्रत्यक्षात जादा वेळेत पाय जड झाले, टॉटनहॅमचे ताजे बदली खेळाडू भारी पडले, निकाल ०-३.

अर्थात रिप्लेमध्येही बलाढ्य संघच बहुधा जिंकायचा. छोट्याला मिळायचे ते पैसे. धक्कादायक निकालाची शक्यता पेनल्टीत जास्त, पण तिथवर टिकलात तर! आर्सेनलच्या मैदानावर एक खेळाडू लाल कार्डामुळे गमावून दहा जणांचा उरलेला मँचेस्टर युनायटेड टिकला आणि १-१ नंतर पेनल्टींवर ५-३ ने जिंकला.