घरावर ‘वारसा कर’ बसलाय म्हणून कोणी कागद दाखवला तर

भारतात वारसा कर नाही. वडिलांचं घर मुलांच्या नावावर होताना केंद्र सरकार, राज्य सरकार किंवा नगरपरिषद, कोणीही घराच्या किमतीवर टक्के लावून पैसे मागत नाही. एवढं एक वाक्य माझ्या थोरल्या भावाला वेळेवर कोणी सांगितलं असतं, तर वहिनीच्या पाटल्या आज सोनाराकडं गहाण नसत्या.

आमचं घर अंबाजोगाईच्या जुन्या वस्तीत. दगडी बांधकाम, अर्ध्यावर माळवद, अर्ध्यावर दादानं टाकलेले पत्रे. आजोबांकडून अण्णांकडं, म्हणजे वडिलांकडं आलेलं. जुने कागद निजामाच्या काळातले, उर्दूत, त्यात गावाचं नावसुद्धा मोमिनाबाद. अण्णा गेल्या पावसाळ्यात गेले. दिवसकार्य उरकल्यावर दादा वारस नोंदीसाठी भूमी अभिलेख कार्यालयात गेला, कारण घर सिटी सर्व्हेत येतं आणि मिळकत पत्रिका, म्हणजे घराच्या मालकीचा उतारा, तिथंच. बाहेर अर्ज लिहून देणाऱ्यांत बसणारा एकजण त्याला तिथं भेटला. त्याचं नाव इथं लिहीत नाही, ते पोलिसांकडं दिलेलं आहे. अण्णांना ओळखत होता, ‘मास्तरांचं घर म्हणजे आपलंच’ म्हणायचा. उर्दू कागद त्यानं घडाघडा वाचून दाखवले. दादाला ते कागद आयुष्यात कधी वाचता आले नव्हते. विश्वास बसला तो तिथंच.

आठवड्याभरात हा माणूस घरी ‘नोटीस’ घेऊन आला. विषय: ‘वारसा संपत्ती कर आकारणीबाबत’. घराचं मूल्यांकन ६५ लाख, त्यावर १० टक्के, म्हणजे ६,५०,००० रुपये. मुदतीत न भरल्यास दरमहा दंड आणि मिळकत जप्तीस पात्र. दादाचं किराणा दुकान आहे, तेही उधारीवर चाललेलं. त्यानं मला संभाजीनगरला फोन केला तेव्हा आवाजच निघत नव्हता. “अगं, साडेसहा लाख भरा म्हणायलेत. घर इकून घराचा कर भरायचा का?”

हे खोटं इतकं सहज का पटलं, ते सांगायला पाहिजे, कारण सावध व्हायचं ते याच ठिकाणी. त्यात खऱ्याचे तुकडे होते. असा कर आपल्याकडं एकेकाळी होताच. १९५३ चा इस्टेट ड्यूटीचा कायदा. मोठ्या इस्टेटींवर त्याचा वरचा दर ८५ टक्क्यांपर्यंत गेला होता, आणि १६ मार्च १९८५ पासून झालेल्या मृत्यूंना तो लागू राहिला नाही. आमच्या चुलत्यांनी तरुणपणी त्याचं नाव ऐकलेलं. “व्हता बाबा असा कर,” म्हणाले. झालं, घरातल्या वडीलधाऱ्याचा शिक्का बसला. मग एप्रिल २०२४ मध्ये, ऐन लोकसभेच्या धामधुमीत, काँग्रेसचे सॅम पित्रोदा अमेरिकेतल्या वारसा कराबद्दल बोलले आणि दोन-चार दिवस सगळ्या वाहिन्यांवर तेच चाललं होतं. दादानं शंका काढली की हा माणूस म्हणायचा, “टीव्हीवर बघितलं नव्हतं का?” त्यात मराठवाड्यात इनामी आणि वर्ग-२ च्या, म्हणजे सरकारी अटी असलेल्या, जमिनींच्या व्यवहाराला सरकारकडं नजराणा भरावा लागतो, हे प्रत्येकाच्या भावकीत कोणीतरी भोगलेलं असतं. नजराणा खरा, मग हाही खराच असणार. आमचं घर इनामी नाही, पण उर्दू कागद बघितले की माणूस आधीच अर्धा घाबरलेला असतो.

आता डाव बघा. साडेसहा लाख आमच्याकडून निघणार नाहीत, हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. रक्कम ठरवलीच होती अशी की झेपू नये. झेपणारी असती तर दादानं कर्ज काढून भरली असती आणि खेळ तिथंच संपला असता. न झेपणाऱ्या आकड्यानं माणूस तडजोडीला येतो. ‘साहेबांशी बोलून’ आगाऊ १,८०,००० भरले तर जप्ती थांबते, असं ठरलं. १,६०,००० रोख गेले, पावती नाही. २०,००० फोनपेवर, तेही कुठल्यातरी बाईच्या खात्यात. बाकीचे कसे भरणार, तर लातूरची एक ‘पार्टी’ सगळा कर भरायला तयार आहे, फक्त त्यांच्या नावानं मुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीनं व्यवहार करायचा अधिकार देणारा कागद, करून द्या, सवडीनं फेडा. आई आणि दादानं नोटरीसमोर सह्या केल्या.

माझा नंबर यानंतर लागला. मी लग्न होऊन गेलेली, पण वारस म्हणून दादाइतकीच हक्काची, त्यामुळं माझ्या सहीशिवाय पार्टीचं काम अडलं. बहिणीची आठवण आपल्याकडं सहीपुरतीच येते, आणि या खेपेला तेच कामाला आलं. दादानं हक्कसोडपत्राचा मसुदा आणि मुखत्यारपत्राची झेरॉक्स व्हॉट्सअॅपवर टाकली. मुखत्यारपत्राच्या तिसऱ्या पानावर, मधल्याच एका ओळीत लिहिलेलं होतं: मिळकतीची विक्री करणे, मोबदला स्वीकारणे, ताबा देणे. करापुरत्या कागदात मोबदला आणि ताबा कशाला? मी नोटीसही मागवून घेतली.

ती समोर ठेवून नीट बघितली. वर तीन सिंह, पण खाली ‘सत्यमेव जयते’ नाही. जावक क्रमांकाच्या जागी नुसती रेघ. जांभळ्या शिक्क्यात ‘सक्षम अधिकारी’, कोणत्या कार्यालयाचा ते नाही. आणि मजकूर विचित्र होता. ‘मृत्यू ज्या महिन्यात झाला त्यानंतरच्या सहाव्या महिन्याअखेर कर देय राहील, घरावरील कर दहा समान वार्षिक हप्त्यांत व्याजासह भरता येईल.’ माझा आतेभाऊ बरीच वर्षं लेस्टरला आहे, त्याला फोटो पाठवला. तो हसायलाच लागला. “ताई, हे आमच्याकडचं आहे गं. तुमच्याकडं कसं आलं?”

खरंच तिकडचं होतं. ब्रिटनमध्ये हा कर आहे. ३,२५,००० पौंडांपर्यंत काही नाही, त्यावरच्या रकमेला ४० टक्के. राहतं घर मुलांना किंवा नातवंडांना जात असेल तर सहसा आणखी १,७५,००० ची सूट, म्हणजे मध्यम घरं सुटतात. सहा महिन्यांची मुदत तिकडची, दहा वर्षांचे हप्तेही तिकडचेच. रोकड नसली की तिथले वारस एकतर हप्ते बांधून घेतात नाहीतर घर विकून कर भरतात, आणि या हप्त्यांवर व्याज चढतं, असं तो म्हणाला. नोटीस आणणाऱ्या त्या माणसानं कुठूनतरी तो मजकूर उचलून मराठीत उतरवला होता. दर तेवढा स्वतःच्या मनानं १० टक्के. दया आली असणार.

नंतर इथल्या एका सीएंकडं गेले. त्यांनी नोटीस हातात घेतली आणि लगेच परत दिली. मृत्युपत्रानं किंवा वारशानं मिळालेली मिळकत आयकरात उत्पन्न धरतच नाहीत. कर लागतो तो पुढं घर विकलं तर, आणि तोसुद्धा नफ्यावर. घर २००१ च्या आधीचं असेल तर १ एप्रिल २००१ चा बाजारभाव खरेदी किंमत म्हणून धरता येतो. २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीला १२.५ टक्के, आणि त्या तारखेच्या आधीपासून हातात असलेल्या घराला महागाई निर्देशांक लावून २० टक्के असा पर्याय. दोन्हींत जे कमी बसेल ते. आमच्या घरी विकायचा विषयच नाही, म्हणजे कर शून्य. त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. १ ऑक्टोबर २०१९ पासून आयकर खात्याच्या प्रत्येक नोटिशीवर ‘डिन’ नावाचा ओळख क्रमांक असतो. खात्याच्या ई-फायलिंग संकेतस्थळावर लॉगिन न करताही तो टाकून बघता येतो. नोटीस खोटी असेल तर तिथल्या तिथं कळतं. राज्य सरकारला भरायचे पैसे असतील तर ते ‘ग्रास’ प्रणालीतल्या चलनानं जातात. कोणाच्या हातात किंवा कोणाच्या बायकोच्या फोनपेवर जात नाहीत.

घरपट्टीची थकबाकी मात्र खरी असते, आणि ती घरासोबत वारसांकडं येते. आमची तीन वर्षांची होती. ती नगरपरिषदेत भरून पावती घेतली.

पोलीस ठाण्यात आधी ‘ही दिवाणी बाब आहे’ हेच ऐकायला मिळालं. वकिलांनी अर्जात शब्द नीट घालून दिले: खोटा सरकारी कागद तयार केला, तो खरा म्हणून वापरला, त्यावर पैसे घेतले. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचं, ते लिहिलं. मग अर्ज घेतला आणि पोच दिली. रोख रकमेला पुरावा नाही. धागा म्हणून हाती आहेत ते फोनपेवरचे २०,०००. ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच तासाला सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. आम्ही केला तोवर खात्यात काही उरलं नव्हतं. रोख द्यायची वेळ आली आणि समोरचा पावती देत नसेल, तर तिथूनच उठा, मग तो कितीही ओळखीचा असो.

मुखत्यारपत्र नोंदणीकृत नव्हतं, नुसतं नोटरीसमोरचं होतं. ते रद्द केल्याचा लेख वकिलांनी करून दिला, त्या पार्टीला रजिस्टर पोस्टानं नोटीस गेली, बीडच्या एका दैनिकात जाहीर सूचना दिली, आणि भूमी अभिलेख कार्यालयात लेखी हरकत दिली. ही कामं एकाच आठवड्यात केली. यात दिरंगाई झाली तर मधल्या काळात तो कागद कोण कुठं वापरेल याचा नेम नाही. सह्या करून बसलेल्यांनी पोलीस ठाण्याच्याही आधी वकिलाकडं जावं, असं माझं स्पष्ट मत आहे. गेलेले पैसे मिळतील तेव्हा मिळतील, आधी घर सोडवून घ्या.

वारस नोंद दादानं पुन्हा स्वतः केली. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, मिळकत पत्रिकेची नक्कल, आधारच्या प्रती आणि अर्ज. आई, दादा आणि मी, तिघांची नावं लागली. किरकोळ खर्चापलीकडं काही आलं नाही. हक्कसोडपत्र मी केलेलं नाही. आता घर विकायचं म्हटलं तर तीन सह्या लागतात, आणि दादाच म्हणतो, राहू दे तसंच.

जाहीर सूचना वाचून केजच्या एका घरातून वकिलांना फोन आला. त्यांच्याकडंही असाच कागद आलाय, तेच दहा हप्ते, तोच जांभळा शिक्का, आकडा तेवढा वेगळा, नऊ लाखांचा. त्यांनी अजून पैसे दिलेले नाहीत. त्यांचा अर्ज आमच्या तक्रारीला जोडायला दिला आहे. तुमच्या घरात असला कागद आला असेल तर मूळ प्रत कोणाच्याही हातात देऊ नका, फोटो काढा आणि ज्या कार्यालयाचं नाव त्यावर असेल तिथं जाऊन आधी जावक क्रमांक विचारा.