जुनं तळं: बांध दुरुस्त करावा, पाणी उतरवावं की शेततळं खोदावं?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटी-कणकुंबीच्या अंगाला, नाल्यावर मातीचा बांध घालून केलेली जुनी खासगी तळी आहेत. वाटण्या झाल्या, उताऱ्यावर चार नावं चढली आणि बांधाकडं बघायचं कुणी, हे ठरलंच नाही. अशा घरांपुढं तीन वाटा असतात. बांध दुरुस्त करायचा, सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जायची वाट, खाली घेऊन पाणी कमी साठवायचं, नाहीतर बांध काढून प्लास्टिकचा कागद अंथरलेलं शेततळं करायचं.

माझं मत आधीच सांगतो. बांधाखाली घर किंवा वाट असेल, तर यंदा सांडवा खाली घ्या आणि पैसे जमले की दुरुस्ती करा. शेततळं आपल्या पावसाच्या पट्ट्यात शेवटी.

ठरवण्याआधी भर पावसात बांधाच्या बाहेरच्या पायथ्यानं एकदा चाला. मातीच्या बांधाला थोडा पाझर असतोच. पाणी निवळ आणि दरवर्षी तेवढंच येत असेल, तर बादली किती वेळात भरते ते वहीत लिहून ठेवा. गढूळ आलं की बांधाची माती आतून वाहतेय, मग थांबू नका. आमच्या तळ्याला असा पाझर लागला तेव्हा घरच्यांनी बाहेरून चिकणमाती थापून वर सिमेंट ओतलं. चार दिवसांत दोन हातांवर नवा झरा फुटला. बाहेरून बूच मारलं की पाणी दुसरी वाट काढतं. बाहेर आधी वाळू, मग बारीक खडी, वर दगड असा थर हवा. पाणी जातं, माती अडते. चिकणमाती लावायची ती आतून, पाण्याच्या अंगाला.

दुरुस्तीत खर्च वाढवतात ती झाडं. मोठं झाड नुसतं तोडलं तर मुळं कुजून बांधात पोकळ नळ्या होतात. बुंधा मुळांसकट काढून खड्डा वीतभर थरांनी धुम्मस करत, म्हणजे ठोकून घट्ट दाबत, भरावा लागतो. खेकड्यांची आणि घुशींची बिळंही उकरूनच भरायची. गाळ काढताना बांधाच्या आतल्या पायथ्याजवळचा सोडा, पाणी धरून ठेवतो तोच. आणि तळं एकदम रिकामं करू नका; ओल्या मातीला पाण्याचा आधार सुटला की आतला उतार घसरतो.

पाणी उतरवणं त्यामानानं स्वस्त. सांडवा भरावात न खणता बाजूच्या मूळ घट्ट जमिनीत खाली आणि रुंद करायचा, तळाला दगड बसवायचे. बांधावरचा दाब कमी होतो, आणि बांध फुटलाच तरी खाली जाणारं पाणी कमी. उन्हाळ्याचं पाणी मात्र घटतं, मासे धरणारा कुरकुरतो. त्याची जाळी सांडव्यात बसू देऊ नका. पालापाचोळ्यानं ती तुंबली की पाणी बांधावरून जातं, आणि मातीचा बांध त्यापुढं टिकत नाही.

शेततळं अथणी-गोकाकच्या कमी पावसाच्या रानाला शोभतं. आपल्याकडं पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर येतं आणि तळं रिकामं असलं तर ते ५०० मायक्रॉनचा कागदही खालून उचलतं. कागदातून पाझर नसल्यानं खालच्या विहिरींना पाणी मिळत नाही, भाऊबंदांशी भांडण ठरलेलं. निसरड्या कागदावरून पडलेल्या मुलाला वर येता येत नाही, म्हणून कुंपण आणि गाठीचे दोर आधी, पाणी नंतर. बांध काढायचाच तर नाल्याच्या मूळ तळापर्यंत, रुंद तोंडानं काढा. अर्धवट फोडलेला बांध पहिल्या पुरात वाहून जातो.

सरकारी तपासणीची वाट बघू नका. २०२१चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना, आणि काही अटींवर १० ते १५ मीटरच्या धरणांना लागतो. आपला चार-पाच मीटरचा बांध त्यात येत नाही. चिपळूणजवळचं तिवरे धरण तर सरकारी होतं. गळतीच्या तक्रारी होऊनही २ जुलै २०१९च्या रात्री ते फुटलं आणि खालच्या वाडीतली माणसं गेली.

उताऱ्यावरच्या सगळ्यांच्या सह्या उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच घ्या. सांडव्याचं काम मृगाच्या आधी उरकायला हवं. माती चिखल झाली की धुम्मस बसत नाही.